पाठमोरी भिंगरी

संध्याकाळी जगातल्या सगळ्या वस्तूंच्या कडा थोड्या विरघळतात, आणि अशा वेळी माणसाने कुणाच्याही हातून काहीही स्वीकारू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मी स्वीकारले. पाळणाघराच्या व्हरांड्यातला दिवा गेला होता. मावशींनी उंबऱ्यावरून, पिवळ्या टोपीच्या जाकिटात गुंडाळलेला आणि झोपेने जड झालेला एक ऐवज माझ्या खांद्यावर ठेवला. "दमली वाटतं आज," असे काहीतरी बापाला शोभेलसे बोलून मी चालू लागलो.

त्या वेळी माझ्या मनात एक ओळ घोळत होती, हे मी लपवणार नाही. ओळ अंधाराविषयी होती. माझ्या बहुतेक ओळी अंधाराविषयीच असतात. उजेडाविषयी बोलायला माझ्याकडे अजून पुरेसा पुरावा जमलेला नाही. 'अंधार म्हणजे उजेडाची पाठ' इथवर ती आली होती. पुढे काही म्हणावे की तिथेच थांबावे, या विवंचनेत मी चौक ओलांडला, औषधांचे दुकान ओलांडले आणि लाँड्रीपाशी पोहोचलो. तिथे इस्त्रीच्या वाफेत खांद्यावरच्या ऐवजाने डोके उचलले, मला नीट न्याहाळले आणि हेडक्लार्कच्या आवाजात विचारले, "तुम्ही कोण?"

तो ढब्बू होता. दातांच्या डॉक्टरांचा मुलगा.

"मी भिंगरीचा बाबा," मी म्हणालो.

"मग मला कुठे नेताय?"

अस्तित्वविषयक पुष्कळ प्रश्न मी वाचले आहेत, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उलट पावली धावत सुटलो. धावताना ढब्बू दर खड्ड्याला "हळू! हळू!" असे बजावत होता, आणि रस्त्यावरचे लोक आमच्याकडे, म्हणजे मुख्यतः माझ्याकडे, संशयाने पाहत होते.

पाळणाघराच्या बुटांच्या बाकावर भिंगरी बसली होती. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्या पायात, आणि चेहऱ्यावर पोहोचलेल्या माणसाची शांती. वय वर्षे साडेतीन.

"बाबा, तू ढब्बूला घेऊन गेलास."

"चुकून गं."

"मी हाक मारली होती. तू 'हो हो' म्हणालास आणि गेलास."

घरी जाईपर्यंत या घटनेची मांडणी कशी करावी, याचा मी बारकाईने विचार केला. सुरुवात दिव्यापासून करायची, मग मावशींकडे वळायचे, आणि शेवटी समाजातल्या वाढत्या निष्काळजीपणावर यायचे. दार उघडताच भिंगरी ओरडली, "आई, बाबाने ढब्बूला पळवलं!"

माझी बायको रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या जगात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमच्याकडे लघवीची बाटलीसुद्धा दोन जणांच्या सहीशिवाय हलत नाही. आणि इथे अख्खं मूल देऊन टाकतात?"

"मी तेच म्हणतोय! कळस आहे हा."

"ते खरं. पण तुला कळलं नाही?"

हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढच्या आठवडाभरात तो मला ज्या ज्या माणसाने विचारला, त्या सर्वांची नावे घ्यायची तर आमच्या सोसायटीच्या मतदारयादीवरच बोट ठेवावे लागेल. मी पाळणाघराची बेपर्वाई सांगायला तोंड उघडावे, समोरच्याने हळहळत मान डोलवावी, आणि शेवटी डोळे बारीक करून नेमके तेच विचारावे. लाँड्रीवाल्याने तर मी काही सांगण्याआधीच विचारले. त्याने सगळे डोळ्यांनी पाहिले होते.

तरीही, माझा अहंकार क्षणभर खुंटीला टांगून ठेवला, तर एक गोष्ट उरत होती. माझ्यासारखा निरुपद्रवी माणूस दुसऱ्याचे मूल घेऊन लाँड्रीपर्यंत जाऊ शकतो. मग ज्याच्या मनात ओळ नसून वेगळेच काही घोळत असेल, तो कुठवर जाईल? मी हे बोललो तेव्हा बायको भिंगरीचे मोजे काढत होती. एक मोजा काढून ती थांबली. दुसरा काढायला तिला बराच वेळ लागला.

"काढू या तिला तिथून," ती म्हणाली.

काढू या! दोन शब्द. इतक्या छोट्या शब्दांनी मोठमोठी प्रकरणे सुरू होतात.

वाचनालयामागे दुसरे एक पाळणाघर होते. तिथे दाराला दोन कड्या होत्या, प्रत्येक पालकाचा फोटो भिंतीवर होता, आणि मूल देण्याआधी दोन जण खात्री करत. बायको ते पाहून आली ती जवळजवळ भावुक होऊन. तिथे एक जागा रिकामी होती आणि ती पुढच्या शनिवारपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवायला ते तयार होते. अट एकच, आधीच्या पाळणाघराचे सोडपत्र हवे. "एक सोडपत्र तर आणायचंय," मी म्हणालो. मी एका विमा कंपनीच्या पत्रविभागात काम करतो. ग्राहकांना नकार सुबक शब्दांत कळवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. करारमदारांच्या बाबतीत मला कुणी शिकवावे असे मला वाटत नव्हते.

पाळणाघराच्या संचालिकांना सगळे 'ताई' म्हणतात. ताईंच्या कार्यालयातल्या सर्व खुर्च्या मुलांच्या मापाच्या आहेत. 'मोठ्यांनी मुलांच्या उंचीवर यावं' हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्या स्वतः मात्र टेबलामागच्या मोठ्या खुर्चीत बसतात, कारण त्यांना पाठीचा त्रास आहे. मी बसलो. माझे गुडघे माझ्या कानांशी आले. ज्याचे गुडघे कानांशी आहेत अशा माणसाचा निषेध कुणी मनावर घेत नाही, हा शोध मला तिथे लागला.

"बोला, भिंगरीचे बाबा."

"ताई, मला मुलीला काढायचंय. सुरक्षेच्या कारणासाठी. ताबडतोब."

"अगदी बरोबर. सुरक्षेत तडजोड नको, आम्हीही हेच म्हणतो." त्यांनी चष्मा लावून एक वही उघडली. "त्या दिवशीची घटना आम्ही लगेच नोंदवली आहे. ऐका. 'एक पालक दुसऱ्याचं मूल घेऊन निघून गेले.'"

"अहो, पण ते मला दिलं गेलं!"

"दिलं गेलं ना, आणि तुम्ही घेतलंत. देणं क्षणभराचं होतं, भिंगरीचे बाबा. घेणं लाँड्रीपर्यंत चाललं."

या वाक्याचा तोल इतका चांगला होता की माझ्यातला वाचक क्षणभर सुखावला, आणि माझ्यातल्या बापाची संधी गेली. ताईंनी करार पुढे सरकवला. मूल काढायचे तर तीन महिने आधी सूचना, आणि त्या काळात मुलाने नियमित यायचे. सुरक्षेचा भंग संस्थेकडून झाला असेल तर मात्र त्याच दिवशी सोडपत्र.

"पण भंग पालकाकडून झाला असेल," ताई मायेने म्हणाल्या, "तर त्या पालकांना मूल न्यायला येता येत नाही. ओळख-चाचणी होईपर्यंत."

"कसली चाचणी?"

"वाचा ना. सही तुमचीच आहे."

सही माझीच होती. आणि आता आठवले. प्रवेशाच्या दिवशी मी हे कलम वाचले होते. 'ओळख हीच कडी. कडी सैल, तर घर सैल' अशी त्याची सुरुवात होती. त्या वाक्याची लय पाहून मी तिथेच सही केली होती. पुढचा अर्थ पाहिलाच नव्हता. आधुनिक कविता वाचणाऱ्या माणसाला अर्थ नंतर पाहायची सवय असते. सगळ्या मुलांना एकसारखी पिवळी जाकिटे सक्तीची करणारे कलमही मला त्या वेळी आवडले होते. खिडकीतून ती रांग पाहून 'उन्हाचे सुटे तुकडे' असे मी बायकोला म्हणालोही होतो. तेव्हाच ती म्हणाली होती, "सुटे आहेत, म्हणजे हरवतील."

चाचणी अशी होती. सगळी मुले टोप्या डोक्यावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभी राहणार. पालकाने चेहरा न पाहता आपले मूल ओळखायचे. ओळखले, तर पालकाचा दोष पुसला जाईल आणि घटना संस्थेच्या नावावर चढेल. म्हणजे सोडपत्र. नाही ओळखले, तर तीन महिने, आणि वाचनालयामागची जागा दुसऱ्या कुणाची.

"शुक्रवारी संध्याकाळी येता का?" ताईंनी विचारले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, खंत होती. विजय असता तर बरे वाटले असते.

खालच्या मजल्यावर वकीलकाका राहतात. ते वकील नव्हेत; कोर्टात कारकून होते. पण आयुष्यभर इतके खटले ऐकल्यावर पदवी आपोआप अंगात मुरते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी करार उलटापालटा करून, उजेडाकडे धरून, जवळजवळ वास घेऊन पाहिला.

"यात 'सदर' शब्द फार आलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "ज्या कागदात 'सदर' जास्त, तो कागद पक्का. मोडता येणार नाही. चाचणी द्या. मी साक्षीदार म्हणून येतो."

"काका, पण मुळात चूक त्यांची ना?"

"त्यांचीच, त्यांचीच. शंभर टक्के." काकांनी करार घडी करून परत दिला. "पण काय हो, तुम्हाला कळलं नाही?"

शुक्रवारपर्यंत भिंगरीला तिथे पाठवायचेच नाही, असे बायकोने ठरवले. नियमित हजेरीचे कलम तीन महिन्यांच्या सूचनेला होते आणि सूचना आम्ही दिलीच नव्हती, असा युक्तिवाद वकीलकाकांनी केला आणि त्याच्या आनंदात दुपारभर तिला सांभाळायचेही कबूल केले. "कोर्टात मोठमोठे गुन्हेगार सांभाळलेत मी," ते म्हणाले, "ही तर चिमुरडी."

याच सुमारास बायकोने घरी एक उपाय योजला होता. प्रयोगशाळेतल्या जुन्या, बाद झालेल्या चिकटचिठ्ठ्यांची गुंडाळी तिने आणली होती. भिंगरीच्या जाकिटाला, बुटाला, पाण्याच्या बाटलीला एकेक चिठ्ठी लावून ती मला खुणा शिकवत होती; चाचणीआधी चिठ्ठ्या काढायच्याच होत्या. गुंडाळी टेबलावर राहिली. दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो, तेव्हा काका आमच्या आरामखुर्चीत घोरत होते आणि भिंगरीने घराची नोंदणी पूर्ण केली होती. फ्रिज, रेडिओ, माझी पुस्तके, खिडकीची काच, सगळ्यांवर चिठ्ठ्या होत्या. काकांच्या टकलाच्या मधोमध, अत्यंत सरळ, 'उपाशीपोटी' असे लिहिलेली चिठ्ठी होती, आणि पोटावर 'जेवणानंतर'.

मी त्यांना हलकेच उठवले. चिठ्ठी मात्र काढली नाही; माणसाला एवढे छोटे सुख असू द्यावे. काका तशाच टकलाने आपल्या घरी गेले आणि काकूंनी त्यांना आल्या आल्या वाढायला घेतले, असे मला नंतर कळले.

गुरुवारी दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले. ते आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दवाखाना चालवतात आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघतात. ढब्बूच्या अपहरणाबद्दल त्यांनी मला मोठ्या मनाने माफ केले. माफी हा अपमानाचा सर्वांत सभ्य प्रकार आहे.

"होतं असं," ते माझ्या खालच्या दाढेला उद्देशून म्हणाले. "सगळ्यांचं निरीक्षण सारखं नसतं. मी ढब्बूला कुठेही ओळखीन. अंधारात ओळखीन. नुसत्या श्वासावरून ओळखीन. बाप म्हटल्यावर ते येतंच हो आपोआप." मग जिन्याचा कठडा धरून, खरोखरच्या कुतूहलाने, "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

त्या संध्याकाळी मी भिंगरीच्या पाठीचा अभ्यास केला. अवघड कवितेशी जसे बसावे तसा बसलो. ती खेळत होती आणि मी तिच्यामागे मांडी घालून. डोक्यावरचा भोवरा डावीकडे वळतो. उजवा कान डाव्यापेक्षा जरा बाहेर आलेला आहे. मानेवर, केसांच्या खाली, तीळ आहे.

"टोपी घातल्यावर यातलं काय दिसणार?" बायकोने विचारले.

अभ्यासाचे हे असेच होते. परीक्षेत येणार नाही तेच पाठ होते.

"तिचं उभं राहणं बघ," बायको हळू म्हणाली. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता. "मला वाटतं तुला येईल. फक्त त्या वेळी ओळबिळ सुचवून घेऊ नकोस."

शुक्रवारी आम्ही भिंगरीला दुपारी पाळणाघरात सोडले, चाचणीला मूल हजर लागते म्हणून. बायको तिथूनच कामावर गेली. संध्याकाळी मी पोहोचलो, तेव्हा वकीलकाका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच हजर होते. चाचणीमुळे मावशी आत अडकल्या होत्या, म्हणून दारावर ताईंचे मिस्टर उभे होते. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. "जो येईल त्याच्याशी हसून बोलायचं" एवढीच सूचना त्यांना मिळालेली असावी, कारण ते माझ्याशी, काकांशी आणि दारावरून गेलेल्या एका कुत्र्याशीही हसून बोलले.

आतल्या हॉलमध्ये भिंतीवर हत्ती, जिराफ आणि एक हसरी पाणघोडी रंगवलेली होती. तिच्याकडे तोंड करून पिवळ्या टोप्यांची रांग उभी होती. जो हलेल तो आउट, असे मुलांना सांगितलेले होते. कुणी हलत नव्हते.

"घ्या वेळ," ताई म्हणाल्या.

मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. पिवळे, पिवळे, पिवळे. एक टोपी किंचित कलती होती, पण ती नव्हती. एक बूट मळलेला होता, पण तो तिचा नव्हता. मी परत आलो. तिसऱ्या फेरीला मी प्रत्येक टोपीमागे थांबून पाहिले. माझी मुलगी इथे आहे आणि मला ती दिसत नाही, म्हणजे लोक म्हणत होते ते खरेच होते का? मी तिला रोज पाहत होतो की फक्त तिच्या दिशेने तोंड करून बसत होतो?

"कुठलीही एक दाखवा," वकीलकाका कानात कुजबुजले. "बसला तर बसला डाव. कोर्टात अर्धे निकाल असेच लागतात."

माझे बोट खरेच उठले. कलत्या टोपीकडे वळले. आणि तिथेच थांबले.

रांग फार सरळ होती.

भिंगरी कधी सरळ उभी राहत नाही. ती एका पायावर असते, मग दुसऱ्या पायावर, मग कुणाच्या तरी पायावर. गप्प बसायला सांगितले की ती आधी शेजारच्याला गप्प बसायला सांगते. ती ज्या रांगेत असते त्या रांगेत दोन माणसे पुढे-मागे रडत तरी असतात किंवा हसत तरी. या रांगेत कुणी रडत नव्हते. कुणी हसत नव्हते. सगळीकडे अशी काही शिस्त होती की मला भीती वाटली.

"ती इथे नाही," मी म्हणालो.

ताई दयेने हसल्या. "ओळखता आलं नाही की सगळेच असं म्हणतात."

"ओळखूनच सांगतोय. माझी मुलगी या रांगेत नाही."

"हे तुमचं शेवटचं उत्तर?"

"अहो, एखादं बोट तरी..." काका कळवळले.

"शेवटचं."

ताईंनी टाळी वाजवली. "मुलांनो, वळा."

रांग वळली. टोप्या मागे गेल्या. ढब्बू होता, जुळ्या बहिणी होत्या, नाक पुसणारा होता, सगळे होते. भिंगरी नव्हती.

मावशींनी तोंडावर हात नेला. "ती उठतच नव्हती. म्हटलं, पाच मिनिटं झोपू दे, मग उठवते. डोक्यावरून चादर घालून बाहेरच्या बाकावर निजवली होती."

मी बाहेर पोहोचलो तेव्हा बाकावर फक्त चादर होती. चादरीला अजून ऊब होती. ताईंचे मिस्टर हसून म्हणाले, "आत्ताच नेली की तिच्या बाबांनी."

"मी तिचा बाबा आहे."

त्यांचे हसू तसेच राहिले, पण त्यातून माणूस निघून गेला. "मग... ते कोण होते?"

यापुढच्या क्षणांविषयी मी विनोद करणार नाही. रस्ता समोर होता आणि त्यावर खूप माणसे होती, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही होते. मला कुठल्या बाजूला धावावे ते कळेना. मागून ढब्बूचा शांत आवाज आला. तो खिडकीत चढून बसला होता.

"माझे बाबा होते. फोनवर बोलत होते. रांग लागताना मी हाक मारली तर 'हो हो' म्हणाले."

ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. फोन लागण्याआधीच कोपऱ्यावरून गाडी वळली, फाटकाला घासून थांबली, आणि डॉक्टर बाहेर पडले. त्यांच्या कपाळावर घाम होता, कडेवर पिवळे जाकीट होते, आणि जाकिटातून भिंगरी मला हात हलवत होती. तिच्या दुसऱ्या हातात दात घासायला शिकवतात तो भलामोठा प्लास्टिकचा जबडा होता.

"सिग्नलला," डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "मागच्या सीटवरून आवाज आला, 'काका, हा दात खरा आहे का?' ढब्बू तर मला काका म्हणत नाही..."

मी भिंगरीला घेतले. घट्ट. इतके की तिने "दुखतंय" असे म्हटले. तिचा भोवरा, तिचा बाहेर आलेला कान, मानेवरचा तीळ, सगळे जागच्या जागी होते. मग आठवडाभर पाळलेला एक प्रश्न आपल्या पायांनी चालत माझ्या ओठांवर आला. मी तो अत्यंत मृदू स्वरात विचारला.

"पण डॉक्टर... तुम्हाला कळलं नाही?"

वकीलकाकांनी समाधानाने डोळे मिटले. डॉक्टरांनी आयुष्यात प्रथमच माझ्या दातांकडे न पाहता जमिनीकडे पाहिले. ढब्बू मात्र बापाजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, श्वासावरून ओळखणार होतात ना?"

त्यांना मी जास्त छळले नाही. दुसऱ्याचे मूल उचलून नेणाऱ्यांच्या एकाच बाकावर बसलेली दोन माणसे आम्ही. बाक लहान आहे.

ताईंनी सोडपत्र त्याच बैठकीत लिहिले. वही उघडून त्या म्हणाल्या, "काय लिहू, भिंगरीचे बाबा?"

"देणं क्षणभराचं होतं, असं लिहा," मी म्हणालो, "पण सिग्नलपर्यंत गेलं."

त्यांनी तसेच लिहिले. मग उठल्या आणि हॉलमध्ये जाऊन एकेका मुलाचे जाकीट स्वतःच्या हातांनी काढू लागल्या. "उद्यापासून ज्याचे त्याचे कपडे," त्या मावशींना म्हणाल्या, "आणि दारावर मी." पिवळ्या जाकिटांचा ढीग पडला आणि आतून लाल, निळी, ठिपक्यांची, बटण तुटलेली मुले बाहेर आली. सगळी एकदम बोलू लागली. त्या गोंधळात मला कुणीही मूल दिले असते, तरी मी ते घेतले नसते.

घरी जाताना भिंगरी खांद्यावर होती. लाँड्रीपाशी तिने डोके उचलले, तेव्हा मी उगाचच जागच्या जागी थांबलो.

"बाबा, मला कळलं होतं."

"काय?"

"ते काका तू नाहीस ते. गाडीत बसल्यावर लगेच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांच्याकडे दात होता." तिने मला तो दाखवला, डॉक्टर तो परत मागायच्या मनःस्थितीत नव्हते. मग जरा विचार करून तिने विचारले, "तुला कसं कळलं मी रांगेत नाही?"

"सगळे नीट उभे होते."

"शीः," भिंगरी म्हणाली, आणि माझ्या कानावर जबडा लावून हसली. लाँड्रीवाल्याने इस्त्री थांबवून आमच्याकडे निरखून पाहिले. मी त्याला सोडपत्र दाखवले. त्याने मान डोलवली, पण टोपीकडेही एकदा पाहिले.

जिना मी मान ताठ ठेवून चढलो. खिशात सोडपत्र होते, खांद्यावर माझीच मुलगी होती, आणि डॉक्टरांच्या बंद दवाखान्यावरून जाताना मला एक ओळसुद्धा सुचली. तिच्यात अंधार नव्हता. दाराशी मी घंटा वाजवली आणि बायकोला एका वाक्यात सांगण्यासाठी सगळी विजयगाथा मनात रचली.

दार उघडले. बायकोने माझ्याकडे पाहिले नाही, सोडपत्राकडे पाहिले नाही. तिने हात पुढे करून आधी पिवळी टोपी मागे सारली आणि आतला चेहरा दिव्याकडे वळवून पाहिला.

"आपलीच," ती म्हणाली. मग बाजूला होऊन तिने आम्हा दोघांना आत घेतले.